कपाटातला कॉम्प्युटर आणि आबांची पावती

स्मरणिका समितीने मला विषय दिला तो साधा होता : ‘आपल्या कार्यालयाची पंचवीस वर्षं.’ त्यातली बरीच वर्षं मी चिटणीस होतो, म्हणून काम माझ्याकडे आलं. मी म्हटलं, दोन पानं होतील. पहिली वही, पहिलं टेबल, पहिला शिक्का, आभार, संपलं. पण मागच्या दिवाळीच्या आसपास कार्यालयात जे घडलं, त्यानंतर हा लेख तसा लिहिता येणार नाही. कार्यालयाचा इतिहास म्हणजे आपल्या कॉम्प्युटरांचा इतिहास निघाला, आणि त्यात माझी एक चूकही निघाली. ती आधी सांगत नाही, क्रमाने येईल.

वहीपासून सुरुवात

२००१ साली सोसायटीची नोंदणी झाली तेव्हा बेचाळीस प्लॉटपैकी अकरा घरं उभी होती. बाकी सगळीकडे बाभळी. कार्यालय म्हणजे पहिल्या अध्यक्षांच्या घराचा व्हरांडा. सभासदांची ‘आय’ नमुन्यातली नोंदवही, ‘जे’ नमुन्यातली यादी, रोजकीर्द, खतावणी, इतिवृत्ताची वही आणि पावतीपुस्तकं, एवढा संसार एका लोखंडी पेटीत मावायचा. शिक्का मारायचा असला की लोक संध्याकाळी यायचे, चहा व्हायचा, मग शिक्का.

२००२ साली आपण पहिला कॉम्प्युटर घेतला. नवा नाही, सेकंडहँड. पूल ओलांडून गावात एका क्लासवाल्याने नवी मशीनं आणली, जुनी विकायला काढली. त्यातलं एक आपण उचललं. चौसष्ट एमबी रॅम, चार जीबीची हार्ड डिस्क, विंडोज ९८, फ्लॉपीची खाच आणि सोबत कर्रकर्र वाजणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. आज खिशातल्या फोनमध्ये याच्या कितीतरी पट जागा असते. पण त्या दिवशी आपण त्याला हार घातला होता, नारळ फोडला होता. फोटो पान उलटल्यावर दिसेल.

वर्गणीच्या पावत्यांसाठी प्रोग्रॅम लिहून दिला तो आपल्याच एका सभासदाच्या मुलाने. तेव्हा तो देवपुरातच इंजिनिअरिंगला होता. त्याने फॉक्सप्रोमध्ये, डॉसवर चालणारा छोटा प्रोग्रॅम केला. काळा पडदा, पांढरी अक्षरं, घर क्रमांक टाकला की खातं समोर. मोबदला म्हणून त्याने दोन वेळा शेवभाजी-भाकरी घेतली. पुढे तो पुण्याला नोकरीला गेला. प्रोग्रॅम राहिला, करणारा गेला. देशभरातल्या हजारो छोट्या कार्यालयांत त्या काळी हेच झालं असेल.

मराठी अक्षरांची गंमत

पावत्या इंग्रजीत निघायच्या, पण इतिवृत्त आणि नोटिसा मराठीतच हव्या होत्या. आजच्या मुलांना हे सांगितलं तर हसतील, पण विंडोज ९८ ला मराठी येतच नव्हतं. देवनागरीला जगभर मान्य असलेले युनिकोडचे क्रमांक १९९१ पासून ठरलेले होते. भारताचं स्वतःचं ‘इस्की’ हे प्रमाणही त्याच साली पक्कं झालं होतं. पण आपल्या टेबलावरच्या मशीनपर्यंत ते पोचलं नव्हतं. विंडोजमध्ये देवनागरीची सोय आली ती विंडोज २००० पासून, ‘मंगल’ नावाच्या फॉन्टसोबत.

तोवर सगळ्यांनी पळवाट काढली होती. श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचं आयएसएम, प्रत्येकाचे आपापले फॉन्ट. युक्ती अशी की कॉम्प्युटरला वाटायचं आपण इंग्रजी ‘के’ ठेवतोय, आणि फॉन्ट त्या जागी मराठी अक्षर किंवा अक्षराचा तुकडा काढून दाखवायचा. म्हणजे आत इंग्रजीचा घोळ, बाहेर मराठीचं सोंग. फॉन्ट असेल तोवर मराठी, फॉन्ट गेला की नुसती चिन्हांची उसळ. शिवाय टाइप करायचं तर प्रिंटरच्या पोर्टमध्ये एक छोटं ‘लॉक’ लावावं लागायचं. ते हरवलं की सॉफ्टवेअर असून नसल्यासारखं.

या सोयीने आपण सहा वर्षं काम केलं. २००३ च्या जूनअखेर धुळे नगरपालिकेची महानगरपालिका झाली तेव्हा सगळ्या पत्रांतला शब्द बदलायला मी एक आख्खा रविवार बसलो होतो. २००४ साली पाण्याची फार ओढ झाली म्हणून कूपनलिका आणि नवी पाइपलाइन केली. प्रत्येक घराला ३,६०० रुपये, १,२०० चे तीन हप्ते. त्या हप्त्यांच्या पावत्याही याच मशीनवर निघाल्या. हे ३,६०० रुपये लक्षात ठेवा.

पहिला बदल : २००८

११ जुलै २००६ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज ९८ चा आधार बंद केला. आपल्याला पत्ताही नव्हता. मशीन चालत होतं. नाना म्हणायचे, “चालस ना अजून? मंग कसाले बदलाना?” आणि खरं सांगायचं तर त्यांचं चूक नव्हतं. इंटरनेट नव्हतंच, तर कोण काय बिघडवणार?

बदल करावा लागला तो भारनियमनामुळे. दिवसातून कितीदा तरी वीज जायची, यूपीएस म्हातारा, आणि एक दिवस मशीन सुरू होताना तीनदा अडखळलं. समितीने एक्सपीचं नवं मशीन घेतलं. हिशेब आता एक्सेलमध्ये करायचे ठरलं. जुन्या प्रोग्रॅममधून माहिती आपोआप कशी काढायची हे पुण्याच्या मुलालाच ठाऊक, त्याचा फोन काही लागला नाही. मग मी काय केलं? एप्रिलमध्ये एका संध्याकाळी, वीज असेल तेवढ्या वेळात, बेचाळीस घरांच्या बाक्या जुन्या पडद्यावर वाचून नव्या मशीनमध्ये हाताने टाइप केल्या. दीड तासात काम झालं. मला स्वतःचं कौतुकही वाटलं होतं.

जुनं मशीन कपाटाच्या खालच्या कप्प्यात गेलं. “सगळं नव्यात आलंय,” असं मीच सभेत सांगितलं.

आबांची बाकी

त्याच वर्षीच्या सर्वसाधारण सभेत थकबाकीची यादी वाचली गेली आणि त्यात घर क्रमांक सतरा आलं. पाइपलाइनचे दोन हप्ते, २,४०० रुपये. आबा उभे राहिले. एस.टी.तून निवृत्त झालेला, आवाज न चढवणारा माणूस. म्हणाले, “मी पैसा भरेल शेतस. तुमनी वही देखा.”

त्यांची पावती घर रंगवताना कुठेतरी गेली होती. आपल्या पावतीपुस्तकांच्या स्थळप्रती पाहायला गेलो तर पेटीला उधई लागलेली. २००४ चं पुस्तक म्हणजे नुसता चाळणीसारखा भुगा. कॉम्प्युटर सांगतो बाकी आहे, आबा सांगतात भरले आहेत. आपण कॉम्प्युटरवर विश्वास ठेवला.

आबांनी ते पैसे पुन्हा भरले नाहीत. गरीब नव्हते, पण तत्त्वाचा प्रश्न होता. समितीनेही ताणलं नाही. दर वर्षी ताळेबंदात ‘वादग्रस्त येणे’ म्हणून ती रक्कम पुढे ओढली जायची आणि लेखापरीक्षक शेरा मारायचे. आबा मात्र त्यानंतर एकाही सभेला आले नाहीत. गणपतीत आरतीला यायचे, वर्गणी सगळ्यांच्या आधी द्यायचे, पण सभेला नाही. २०२३ साली ते गेले.

आधार संपण्याच्या तारखा

मधल्या वर्षांत आपण दोन बदल केले. दोन्ही वेळा बाहेरच्या तारखेने आपल्याला हलवलं. ८ एप्रिल २०१४ ला एक्सपीचा आधार संपला. तोवर इंटरनेट आलेलं होतं, सहकार खात्याची विवरणपत्रं ऑनलाइन भरायची होती, त्यामुळे या वेळी ‘चालतंय ना’ म्हणून भागणार नव्हतं. विंडोज ७ टाकायला एक कारागीर बोलावला. त्याने विचारलं, “काका, फॉरमॅट मारू ना?” मी म्हटलं, मार. हिशेबाची फाइल पेनड्राइव्हवर होती, ती वाचली. सहा वर्षांची इतिवृत्तं आणि पत्रव्यवहार मशीनमध्येच होता, तो गेला. दोष कारागिराचा नाही. त्याने विचारलं होतं.

१४ जानेवारी २०२० ला विंडोज ७ संपलं. मार्चमध्ये लॉकडाउन लागला आणि विषय मागे पडला. २०२१ अखेर एका कार्यालयातून निघालेलं जुनं मशीन विंडोज १० सह घेतलं. आणि मागच्या वर्षी, १४ ऑक्टोबर २०२५ ला, विंडोज १० चाही आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप लागते आणि इंटेलचा असेल तर आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर. आपला सहाव्या पिढीचा. म्हणजे मशीन ठणठणीत, पण कंपनीच्या यादीत नाही. जगभरात कोट्यवधी मशीनांची हीच गत झाली.

म्हणून सभेपुढे विषय आला : नवं घ्यायचं की नाही? आणि नेमक्या त्याच महिन्यात आबांची मुलगी घर आपल्या नावावर करायचा अर्ज घेऊन आली. हस्तांतरणाआधी बाकी निल हवी. २,४०० आणि त्यावरचं व्याज. ताई म्हणाल्या, “पैसे मी आत्ता भरते. पण पावतीवर ‘थकबाकी’ लिहू नका. बाबांनी भरले होते.”

कपाटाचा खालचा कप्पा

ताई गेल्यावर मला झोप लागली नाही. पहिल्यांदाच मनात आलं, २००८ मध्ये ‘सगळं नव्यात आलंय’ असं मी म्हटलं, पण ते तपासलं कोणी? जुनं मशीन उघडून कोणी पाहिलंच नव्हतं.

आदल्याच रविवारी साफसफाईत नाना म्हणाले होते, “आरे भाऊ, हाऊ डबा आते भंगारवालाले देई टाक!” भंगारवाला गुरुवारी यायचा होता. मी बुधवारी सकाळी कपाट उघडलं.

मशीन सुरू झालं नाही. बोर्डावरची नाण्यासारखी बॅटरी मेलेली, पंखा धुळीने घट्ट. आपल्या सोसायटीतली दोन कॉलेजची मुलं मदतीला आली. त्यांनी सांगितलं, “काका, मशीन जाऊ द्या, डिस्क महत्त्वाची.” डिस्क जुन्या रुंद पट्टीच्या केबलची. ती आजच्या मशीनला यूएसबीने जोडणारी तार आग्रा रोडवर दोन दुकानांत विचारली, मिळाली नाही, शेवटी ऑनलाइन मागवली. सोबत अकरा फ्लॉप्या होत्या, त्यांसाठी यूएसबीवर चालणारा फ्लॉपी ड्राइव्ह एका मित्राकडून आणला. अकरापैकी तीन वाचल्या गेल्या, बाकींना बुरशी.

डिस्क मात्र फिरली. ती आवाज करत फिरायला लागली तेव्हा तिघांपैकी कोणीही बोललं नाही. त्या काळची फॅट-३२ ही मांडणी आजची मशीनंही वाचतात, त्यामुळे फोल्डर सरळ दिसले. मुलांनी आधी सगळं जसंच्या तसं दोन ठिकाणी कॉपी केलं, मगच उघडायला हात लावला. हे शहाणपण त्यांना कोणी शिकवलं माहीत नाही, मला तरी कोणी शिकवलं नव्हतं.

फॉक्सप्रोच्या फाइली म्हणजे साध्या तक्त्यांसारख्या. लिबर ऑफिस हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर त्या थेट उघडतं. पुण्याच्या ज्या मुलाला आम्ही २००८ मध्ये शोधत होतो, त्याची गरजच नव्हती. घर क्रमांक सतरा : पहिला हप्ता, दुसरा हप्ता १४ मे २००४, तिसरा ९ ऑगस्ट २००४, पुढे पावती क्रमांक. तिन्ही जमा. बाकी शून्य.

आणि खालच्या ओळीत, घर क्रमांक अठरा : बाकी २,४००.

मी एक ओळ वर टाइप केलं होतं. एवढंच.

लेखापरीक्षकांना नुसता तक्ता पुरणार नव्हता. त्यांना मूळ प्रोग्रॅममधलं खातं पाहायचं होतं. पण आजचं ६४ बिटचं विंडोज डॉसचे जुने प्रोग्रॅम चालवतच नाही. त्यावर उपाय म्हणजे डॉसबॉक्स, कॉम्प्युटरच्या आत जुना कॉम्प्युटर उभा करणारं, हेही फुकटच. सुरू केलं तर प्रोग्रॅम ‘शून्याने भागाकार’ असं म्हणून बंद पडला. मुलांनी शोधून काढलं की फॉक्सप्रोच्या त्या आवृत्त्यांना वेगवान प्रोसेसर सोसत नाही. मग डॉसबॉक्सचा वेग मुद्दाम कमी केला, आणि तो काळा पडदा आला. वरच्या ओळीत सोसायटीचं नाव. सतरा टाकलं. आबांचं खातं समोर. पावती पुन्हा छापली. बँकेच्या जुन्या पासबुकातल्या त्या दिवसांच्या भरण्याशी रक्कम जुळली. ‘वादग्रस्त येणे’ सतरा वर्षांनी ताळेबंदातून निघालं. अठरा क्रमांकाचं घर केव्हाच विकलं गेलंय, तो विषय समितीने बंद केला.

मोडी आणि फॉन्ट

त्याच डिस्कवर २००२ ते २००८ ची इतिवृत्तं सापडली. उघडली तर सगळीकडे चिन्हांची उसळ. आपल्या निवृत्त बाई शेजारी बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, “हे तर मोडीसारखं झालं. लिहिलेलं समोर आहे, वाचणारा नाही.”

धुळ्याच्या माणसाला हे वाक्य लागणारच. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव फिरून लोकांच्या माळ्यांवरचे, दप्तरांतले कागद गोळा करत. वाण्याच्या पुडीत जाणारे, उधईने खाल्लेले मोडी कागद त्यांनी वाचवले आणि ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे बावीस खंड काढले. शेवटी ते आपल्या धुळ्यात राहिले, इथेच ३१ डिसेंबर १९२६ ला गेले. या डिसेंबरात शंभर वर्षं होतील. पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ इथे उभं राहिलं, ते आजही ते कागद सांभाळतंय. मोडी शाळांतून गेली, पण कागद टिकले आणि वाचणारे थोडे का होईना राहिले, म्हणून आपल्याला मागचं कळतं.

आपलं मोडी पन्नास-साठ वर्षांत नाही, पंधरा वर्षांत झालं होतं. नशीब असं की फॉन्टची फाइल त्याच डिस्कवर, विंडोजच्या फॉन्टच्या फोल्डरमध्ये होती. ती नव्या मशीनवर टाकली आणि चिन्हांचं मराठी झालं. टाइप करायला लॉक लागतं, वाचायला फक्त फॉन्ट पुरतो. मग रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरने सगळं युनिकोडमध्ये आणलं. त्यात रफार आणि अर्धी अक्षरं जागा चुकतात, म्हणून बाईंनी एकेक पान मूळ कागदी वहीशी ताडून पाहिलं. या स्मरणिकेतला ‘पहिल्या सभा’ हा भाग तिथूनच आलाय.

मग नवं घेतलं का?

नाही घेतलं. सभेत दोन तास चर्चा झाली. काहींचं म्हणणं, पंचविसाव्या वर्षी कार्यालयात नवं मशीन हवंच. काहींचं म्हणणं, दरमहा पैसे देऊन ऑनलाइन सॉफ्टवेअर घ्यावं. नाना ‘चालस ना’वर ठाम. शेवटी ठरलं ते असं : इंटरनेटला जोडलेलं मशीन आधार संपलेल्या विंडोजवर ठेवायचं नाही, पण धडधाकट मशीन भंगारातही द्यायचं नाही. त्याच मशीनवर लिनक्स टाकलं. हिशेब लिबर ऑफिसमध्ये, मराठी युनिकोडमध्ये, इनस्क्रिप्टच्या कळफलकाने. विवरणपत्रं भरता येतात, प्रिंटर चालतो, आपल्या लेखापरीक्षकांना हव्या त्या फाइली देता येतात. खर्च झाला तो एका नव्या एसएसडीचा आणि मुलांच्या आइस्क्रीमचा.

पुढच्या समितीसाठी तीन गोष्टी लिहून ठेवतो. मशीन बदलायच्या आधी विचारा : आतलं सगळं बाहेर आलं का, आणि ते दुसऱ्या माणसाने जुन्याशी ताडून पाहिलं का? दुसरं, आपली माहिती अशा रूपात आहे का की सॉफ्टवेअर गेलं तरी उघडेल? तिसरं, जुनं सॉफ्टवेअर शोधायची वेळ आलीच तर आधी आपली कपाटं, जुन्या सीड्या, खोक्यांवरचे क्रमांक पाहा. अनोळखी ठिकाणाहून उतरवून घेऊ नका, त्यात व्हायरस असतात. या तिन्हींची उत्तरं असतील तर नवं खुशाल घ्या.

आणि एक मागणं सगळ्या सभासदांना. तुमच्याकडे सोसायटीची जुनी पावती, नोटीस, फोटो, फ्लॉपी असेल तर टाकू नका. कार्यालयात आणा, नक्कल करून परत देऊ.

दिवाळीनंतर मी ती पुन्हा छापलेली पावती घेऊन ताईंकडे गेलो. काय बोलायचं ते ठरवलं होतं, ते काही आठवलं नाही. त्यांनी पावती वाचली, देवघरात आबांच्या फोटोशेजारी ठेवली आणि म्हणाल्या, “काका, बसा, चहा टाकते.” सभेत मी माफी मागितली आहे. इथे छापूनही मागतो, कारण आरोप सभेत वाचला गेला होता आणि ही स्मरणिका घरोघर जाणार आहे.

घर क्रमांक सतराची बाकी कधीच नव्हती. चूक माझी होती.

— माजी चिटणीस